जप्त पिस्तुलाचं शेवटी काय करायचं: मुद्देमालाच्या कपाटापासून भट्टीपर्यंत

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत कापडी पिशव्यांत बांधलेली, लाखेची सीलं लावलेली हत्यारं वर्षानुवर्षं पडून असतात. खटला निकाली निघालेला असतो, आरोपी सुटून घरी गेलेला असतो, तपास अधिकाऱ्याच्या तीन बदल्या होऊन तो निवृत्तही झालेला असतो. पिशवी मात्र जागची हलत नाही. मग कधीतरी वरून विचारणा होते आणि प्रश्न उभा राहतो की ही हत्यारं विकायची का मोडायची.

आमचं उत्तर सरळ आहे. ज्या शस्त्रावर कायदेशीर हक्क सांगणारा माणूस आहे, ते त्याला परत द्यावं किंवा त्याच्या वतीनं विकू द्यावं. बाकीचं प्रत्येक हत्यार मोडून वितळवावं, सुट्या भागांसकट. पण तिथवर सुखरूप पोहोचायचं तर जप्तीच्या दिवसापासून काही गोष्टी नीट कराव्या लागतात. मुंबईतले मुद्देमाल कारकून, तपास अधिकारी, हत्यार कायद्याच्या केसेस चालवणारे वकील आणि घरात वडिलांची बंदूक निघालेली कुटुंबं, या सगळ्यांना उपयोगी पडेल असं इथे लिहिलं आहे.

आधी ढीग वेगळे करा

कपाट उघडलं की सगळी हत्यारं सारखीच दिसतात. कायद्याच्या नजरेत मात्र ती पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात, आणि वाट चुकली की पुढचा आदेशच चुकतो.

पहिला ढीग गावठी कट्ट्यांचा. मुंगेर, खरगोन, बडवाणी, बुऱ्हाणपूर या भागांतून मुंबईत येणारी देशी पिस्तुलं यात येतात. यांचा कायदेशीर मालक कधी नव्हताच. आरोपी निर्दोष सुटला तरी पिस्तूल त्याला परत मिळू शकत नाही, कारण परवाना नाही. दुसरा ढीग प्रतिबंधित शस्त्रांचा: ९ मिमी पिस्तूल, .३०३ रायफल, स्वयंचलित हत्यारं. सामान्य नागरिकाला ती विकण्याचा विचारच नको. तिसऱ्या ढिगात परवान्याची पण गुन्ह्यात जप्त झालेली शस्त्रं. यात मालकच आरोपी असतो, किंवा चोरीला गेलेलं शस्त्र दुसऱ्याकडे सापडलेलं असतं. चौथ्यात जमा केलेली शस्त्रं: परवानाधारक वारला, परवाना संपला किंवा निलंबित झाला, निवडणुकीच्या काळात जमा करायला सांगितली. पाचवा ढीग बेवारस हत्यारांचा, म्हणजे नाल्यात, रेल्वेच्या डब्यात, भंगाराच्या गोदामात सापडलेल्या.

चौथ्या ढिगाला ‘जप्त’ म्हणण्याची चूक सर्रास होते. रजिस्टरमध्ये ‘जप्त’ असं लिहिलं की वारसाला कोर्टात धाडलं जातं. खरं तर ते हत्यार कायद्याच्या कलम २१ खाली नुसतं जमा असतं आणि निर्णय परवाना शाखेत व्हायचा असतो. जमा शस्त्रांचं रजिस्टर वेगळं ठेवा, कपाटाचा कप्पाही वेगळा ठेवा.

जप्तीच्या दिवशी काय लिहायचं

हत्यार हाती आलं की ते भरलेलंच आहे असं धरून चाला. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझीन म्हणजे गोळ्यांची पेटी काढा, मग स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या घरात, डोळ्यानं बघा. क्रम उलटा केला तर स्लाइड ओढताच मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं की पिस्तूल रिकामं झालं. रिव्हॉल्वरचं सिलिंडर उघडण्याआधी कोणत्या घरात जिवंत काडतूस आहे, कोणत्या घरात रिकामी पुंगळी आहे आणि घोड्यासमोर कोणतं घर होतं, याचं छोटं चित्र काढून घ्या. गोळी चाललेल्या गुन्ह्यात त्या चित्राला फार मोल असतं. कट्ट्यात काडतूस अडकलेलं असेल तर ठोकाठोक करू नका, आर्मोररला, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या पोलिसाला, बोलवा.

हातमोजे घालूनच उचला, आणि खडबडीत मुठीला धरून उचला. नळीत पेन घालून उचलण्याची सवय वाईट आहे. आतल्या खाचांवर ओरखडा पडतो, आणि कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गोळी जुळवताना तोच ओरखडा आडवा येतो. पुसू नका, तेल लावू नका, चालवून तर मुळीच बघू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता सक्तीचं आहे. त्यात हत्यार रिकामं करतानाचा भागही येऊ द्या.

पंचनाम्यातलं वर्णन हा सगळ्या प्रकरणाचा पाया. ‘एक पिस्तूल व दोन राउंड’ एवढंच लिहिलं तर दहा वर्षांनी पिशवीतलं पिस्तूल तेच का, हे कुणालाच सांगता येत नाही. वर्णन असं असावं:

‘एक गावठी बनावटीचे दिसणारे लोखंडी पिस्तूल, एकूण लांबी १८ सेंमी, नळीची लांबी ९.५ सेंमी, मुठीच्या दोन्ही बाजूंस तपकिरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या, उजव्या पट्टीचा खालचा स्क्रू नाही, डाव्या बाजूस इंग्रजीत मेड इन यूएसए असे कोरलेले, अनुक्रमांक दिसून येत नाही, मॅगझीनसह. मॅगझीनमध्ये दोन जिवंत काडतुसे, प्रत्येकाच्या बुडावर केएफ ७.६५ असा ठसा.’

यातला ‘मेड इन यूएसए’ नीट बघा. गावठी कारागीर असे शिक्के सर्रास मारतात. ते वाचून पंचनाम्यात ‘अमेरिकन बनावटीचे’ असं लिहिलं जातं, प्रयोगशाळा ‘देशी बनावट’ असा अहवाल देते, आणि बचावाचा वकील विचारतो की हेच ते पिस्तूल कशावरून. म्हणून जे कोरलंय ते जसंच्या तसं लिहा, बनावटीचा निष्कर्ष तज्ज्ञावर सोडा. जागेवर नसलेला तो एक स्क्रूही असाच उपयोगी पडतो. पुढे भट्टीसमोर पिशवी उघडली की पंच आधी तो बघतील. ‘केएफ’ हा ठसा खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, म्हणजे काडतूस कुठल्यातरी परवानाधारकाच्या किंवा दुकानाच्या साठ्यातून फुटलेलं असण्याची शक्यता. हा धागा तपासात सोडू नका.

मुंबईतल्या फिर्यादीत बहुतेक वेळा हत्यार कायदा कलम ३, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१)(अ), १३५ लागतं. कलम ३ च्या खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आयुक्तालय असलेल्या शहरात हत्यार कायद्यापुरते पोलीस आयुक्तच जिल्हा दंडाधिकारी असतात, आणि राज्य सरकारने नेमून दिलेले उपायुक्तही. मंजुरीशिवाय आरोपपत्र गेलं की खटला तिथेच पडतो, आणि विल्हेवाटीचा आदेश कुठल्या कलमाखाली मागायचा यावर नवा घोळ सुरू होतो.

मुंबईचा पावसाळा आणि लोखंड

समुद्राकाठच्या हवेत उघडं लोखंड फार दिवस टिकत नाही. हत्यार प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सील केलं तर आतला ओलावा आतच राहतो आणि चार पावसाळ्यांत अनुक्रमांकावर गंजाचे पापुद्रे चढतात. नळीत खड्डे पडतात. मग खटल्यात फेरतपासणी मागितली तर चाचणीच्या गोळीवरच्या खुणा जुन्या गोळीशी जुळत नाहीत. हत्यार कोरड्या सुती कापडात किंवा जाड कागदात गुंडाळावं, पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्यानं बांधून पक्कं करावं आणि मगच सील करावं. प्रयोगशाळेची तपासणी होऊन परत आलं की खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. तळमजल्यावर पाणी भरणाऱ्या ठाण्यात, आणि अशी ठाणी मुंबईत कमी नाहीत, शस्त्रांच्या कपाटाचा खालचा कप्पा जमिनीपासून निदान कमरेएवढ्या उंचीवर हवा.

काडतुसं हत्यारासोबत एकाच खोक्यात ठेवू नका. त्यांचं पाकीट वेगळं, लेबल वेगळं, क्रमांक मात्र त्याच गुन्ह्याचा. प्रत्येक लेबलवर गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमं, मुद्देमाल क्रमांक, जप्तीची तारीख, पंचांच्या सह्या आणि सीलचा ठसा. पिशवी प्रयोगशाळेला गेली, कोर्टात गेली, परत आली, की प्रत्येक वेळी कुणी नेली, कुणी घेतली, सील शाबूत होतं का, हे तारीख-वेळेसह लिहा. कारकुनाची बदली होताना कपाटातल्या पिशव्या मोजून, सीलं बघून कार्यभार द्यायचा. ‘मागील यादीप्रमाणे बरोबर’ असं लिहून सही करणारा माणूस पुढच्या गहाळ पिस्तुलाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेत असतो.

कोर्टाचा आदेश कसा मिळवायचा

खटला चालू असताना नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ लागतं. मुद्देमाल कोर्टासमोर आला की १४ दिवसांत त्याचं विवरण, छायाचित्र आणि गरज असल्यास चित्रीकरण, आणि विवरणानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, अशी मुदत संहितेने घातली आहे. मुद्देमाल ठाण्यात कुजवू नका हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्येच बजावलं होतं. तरीही बंदुकीच्या बाबतीत घाई नको असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडीचं छायाचित्र पुराव्याला पुरतं. पिस्तूल चालू स्थितीत आहे का, गोळी त्याच नळीतून सुटली का, हे मात्र छायाचित्रावरून कुणालाच तपासता येत नाही, आणि बचाव पक्षाला फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. खटला संपेपर्यंत हत्यार जपा.

खटला संपताना सरकारी वकिलांच्या हाती आधीच एक तयार मसुदा द्या. निकालपत्रात ‘मुद्देमालाची नियमानुसार विल्हेवाट लावावी’ असं मोघम वाक्य आलं की कारकून अडकतो, कारण नियमानुसार म्हणजे काय हे पुन्हा कोर्टालाच विचारावं लागतं. आदेशात हत्याराचा मुद्देमाल क्रमांक, काडतुसांची संख्या आणि ‘शासनजमा करून नष्ट करावे’ किंवा ‘अमुक यांस परत द्यावे’ असे नेमके शब्द हवेत. दोषी ठरला तर हत्यार कायदा कलम ३२ खाली शासनजमा, सुटला तर संहितेच्या कलम ४९८ खाली. कलम ३२ चा आदेश अपिलात शिक्षा रद्द झाली की आपोआप गळून पडतो. कलम ४९८ खालच्या आदेशाची अंमलबजावणीही दोन महिने, आणि अपील असेल तर त्याच्या निकालापर्यंत थांबते. म्हणून नष्ट करण्याआधी सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात अपील प्रलंबित नाही याची लेखी खात्री फाइलला लावा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे ‘पाहिजे’ आरोपी. तिघांवर खटला चालला, चौथा फरारी. तिघांचा निकाल लागला म्हणून पिस्तूल वितळवलं, आणि दोन वर्षांनी चौथा सापडला, तर त्याच्या खटल्यात दाखवायला काहीच उरत नाही. आरोपपत्रातली फरारी आरोपींची यादी बघितल्याशिवाय मुद्देमालाचा अर्ज टाकू नका.

बेवारस हत्याराला संहितेची कलमं ५०३ आणि ५०४ लागतात: जाहीरनामा, हक्क सांगायला सहा महिने, आणि कुणी न आल्यास ते राज्य सरकारच्या हाती. कायदा तिथे ‘विकता येईल’ म्हणतो, विकलंच पाहिजे असं कुठेही म्हणत नाही. तोच शब्द धरून आदेशात ‘नष्ट करावे’ असं मागून घ्या. त्याआधी अनुक्रमांक परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसवर आणि हरवलेल्या-चोरीच्या नोंदींत तपासायला विसरू नका. गंजाखाली पुसट झालेला क्रमांक प्रयोगशाळा रसायनं लावून पुन्हा वाचू शकते, आणि अशा एका क्रमांकामुळे जुना चोरीचा गुन्हा उघडकीला येऊ शकतो.

वडिलांची बंदूक घरात निघाली तर

दादर-गिरगावच्या जुन्या घरांत, वांद्र्याच्या बंगल्यांत लोखंडी कपाटाच्या मागे बारा बोअरची दुनळी किंवा जुनं रिव्हॉल्वर निघतं. वडील जाऊन वर्ष झालेलं असतं. परवाना त्यांच्या नावाचा होता. त्यांच्याबरोबर तो संपला. त्या क्षणापासून बंदूक घरात ठेवणारा विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण दिरंगाई नको. कलम २१ चे शब्द ‘अनावश्यक विलंब न करता’ असे आहेत.

आधी ठाण्याला फोन, मग बंदूक. ठाणे अंमलदाराला सांगा की मयत परवानाधारकाचं शस्त्र जमा करायचं आहे, आणि न्यायला माणूस पाठवता का, असं विचारा. बंदूक भरलेली आहे का हे कळत नसेल तर हात लावू नका. स्वतः न्यायचीच वेळ आली तर रिकामी करून, नळ्या वेगळ्या होत असतील तर वेगळ्या करून, मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत घेऊन सरळ ठाण्यात जा. वाटेत लग्नघरी वगैरे थांबणं नको. जमा करताना पावती घ्या, आणि त्यावर बनावट, बोअर, अनुक्रमांक, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. ‘एक जुनी बंदूक’ अशी पावती घेऊन परत आलेल्या घरांना पुढे फार त्रास होतो. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येतं. तो ठेवण्याचं भाडं घेतो, पण शस्त्राला तेल-पाणी करतो.

पुढे तीन रस्ते आहेत. घरातल्या एकानं वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मागायचा: बाकीच्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी. अर्ज क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्त कार्यालयातल्या परवाना शाखेत. एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रं चालतात, आणि वारसाहक्कानं आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा सुटत नाही. परवाना पाच वर्षांचा असतो. एक पुस्ती जोडतो: वडील हयात असतानाच, सत्तरी उलटल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर, वारसाच्या नावाचा अर्ज करता येतो. ज्यांना जमेल त्यांनी हेच करावं, मागे धावपळ उरत नाही.

दुसरा रस्ता विक्रीचा. शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून त्याच्यामार्फत, किंवा परवाना असलेल्या ग्राहकाला. एका परवानाधारकानं दुसऱ्याला थेट विकायचं तर कलम ५ प्रमाणे खरेदीदाराचं नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. या ४५ दिवसांत शस्त्र कुणाच्याही हातात देऊ नका, ‘बघायला’ म्हणूनही नाही.

तिसरा, सरकारजमा करून मोडायला देणं. अर्जात एवढंच लिहा: ‘मयत परवानाधारकाचे आम्ही सर्व कायदेशीर वारस असून सदर शस्त्रावर आमचा कोणताही दावा नाही, ते शासनजमा करून नष्ट करण्यास आमची हरकत नाही.’ सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. परदेशी असलेल्या एका बहिणीची सही राहिली की फाइल तिथेच थांबते.

काहीच केलं नाही तर मुदत संपल्यावर जिल्हा दंडाधिकारी नोटीस काढतात, उत्तराला ३० दिवस देतात आणि शस्त्र शासनजमा होतं. निवडणुकीत जमा केलेल्या शस्त्राला हे लागू नाही. ते निवडणूक आटोपली की परत घ्यायचं, आणि ते आठवणीनं घेणं हे परवानाधारकाचंच काम.

विकून पैसे का करू नयेत

अमेरिकेत हा वाद जोरात आहे. केंटकीत जप्त बंदुका लिलावात परवानाधारक विक्रेत्यांना विकण्याचा कायदाच आहे. ॲरिझोनाने २०१३ मध्ये बंदुका मोडण्यावरच बंधन घातलं, आणि टूसॉन शहर तरीही मोडत राहिलं म्हणून २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराला चुकीचं ठरवलं. विकणाऱ्यांचा मुद्दा असा की चांगली वस्तू नाहक का मोडायची, त्या पैशातून पोलिसांसाठी साहित्य येईल. दुसरी बाजू २०१० मध्ये दिसली. जानेवारीत लास वेगासच्या न्यायालयाच्या इमारतीत आणि मार्चमध्ये पेंटागॉनच्या दाराशी गोळीबार झाला. दोन्ही ठिकाणच्या बंदुका कधीकाळी मेम्फिसच्या पोलीस-न्यायालयीन यंत्रणेच्या ताब्यात होत्या, आणि तिथूनच त्या पुन्हा बाजारात गेल्या होत्या.

आपल्याकडे हिशेब आणखी सरळ आहे. कपाटातला मोठा हिस्सा गावठी. कट्ट्याची नळी पाण्याच्या पाइपची किंवा गाडीच्या स्टिअरिंग रॉडची, घोडा रबरबँडनं ताणलेला, सुरक्षेचा खटका नाही. हातातून पडला तरी सुटेल, दाबला तर नळी फाटून चालवणाऱ्याचीच बोटं जातील. असलं हत्यार कुणाला विकणार? विकण्याजोगी उरतात ती परदेशी पिस्तुलं-रिव्हॉल्वरं. सामान्य माणसाला विदेशी शस्त्र आयात करणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे झिजलेल्या जुन्या मालालाही मोठी किंमत येते. ओढ इथेच असते. कस्टम्सने जप्त केलेली विदेशी शस्त्रं खासदारांना विकत देण्याची पद्धत दिल्लीत बरीच वर्षं होती, आणि त्यातली काही पुढे इतरांकडे गेली. ज्या मालाला किंमत आहे तो कपाटात जपला जातो, बाकीचा मोडला जातो, आणि कोणता माल कुठे गेला याचा माग हळूहळू पुसट होतो. म्हणून मालकाचा हक्क नसलेलं प्रत्येक शस्त्र मोडावं, मग ते कितीही देखणं असो. अपवाद दोनच: प्रयोगशाळेच्या संदर्भसंग्रहाला लागणारा नमुना, आणि खरोखर ऐतिहासिक मोलाची वस्तू, जी कायमची निकामी करून पोलीस संग्रहालयात जाईल. दोन्हींना लेखी आदेश आणि पोच हवी.

अमेरिकेतून घ्यायचा दुसरा धडा सुट्या भागांचा. तिथल्या कायद्यात मुख्य सांगाडा म्हणजेच बंदूक. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये दाखवलं की मोडण्याचं काम घेणारी कंपनी फक्त सांगाडा चिरडून बाकीचे भाग विकत होती. आपल्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. स्लाइड, नळी, बोल्ट भंगारवाल्याला दिले तर तो गुन्हाच.

मोडण्याचा दिवस

यादी आधी पक्की करा. एका रांगेत मुद्देमाल क्रमांक, गुन्हा क्रमांक, आदेशाची तारीख, अपील नसल्याची नोंद, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक, हत्याराचं वर्णन, वजन. एकही रकाना रिकामा असेल तर ते हत्यार त्या दिवशी गाडीत चढवायचं नाही. गाडी मुद्देमाल खोलीतून सरळ जागेवर, सशस्त्र बंदोबस्तात, वाटेत थांबा नाही.

काडतुसं या गाडीत नकोत. ती बॉम्ब शोधक-नाशक पथकाकडे वेगळी द्यायची. भट्टीत किंवा कटरच्या ज्योतीत गेलेलं एक काडतूसही तिथे उभ्या माणसाला जखमी करू शकतं.

जागेवर पंचांसमोर प्रत्येक पिशवीचं सील बघून उघडा, वर्णन मोठ्यानं वाचा, कॅमेऱ्यासमोर धरा. आर्मोरर प्रत्येक हत्यार पुन्हा एकदा रिकामं असल्याचं बघेल. पूर्वी तीनदा बघितलेलं असलं तरी. गंजून जाम झालेले, ज्यांचं चेंबर उघडतच नाही असे कट्टे बाजूला काढून पथकाकडे. लाकडी दस्ते, प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढून घ्या, नाहीतर धूर होतो. ॲल्युमिनियमचे आणि जस्तमिश्रित सांगाडे वेगळे, कारण पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि ॲल्युमिनियम ६६० ला.

मग गॅस कटर. करवतीचा काप पातळ असतो आणि वेल्डिंगनं पुन्हा जोडता येतो, म्हणून ज्योतीनंच कापायचं. प्रत्येक कापात निदान ६ मिमी धातू जळून गेला पाहिजे, आणि काप तिरका हवा. पिस्तुलाला तीन काप: सांगाडा चापाच्या जागी, स्लाइड मधोमध, नळी चेंबरच्या ठिकाणी. रिव्हॉल्वरचं सिलिंडर आणि सांगाड्याचा वरचा पट्टा. लांब बंदुकीला चेंबर, यंत्रणेचा भाग, नळीचा मध्य आणि बोल्ट. अमेरिकेचं शस्त्रखातंही सांगाडा कापायला अशीच ज्योत सांगतं.

कापून झालं की तुकड्यांचं वजन घ्या. पिस्तूल साधारण पाऊण ते एक किलोचं, दुनळी तीन किलोच्या आसपास. आधीच्या वजनातून लाकूड-प्लॅस्टिक आणि जळालेला धातू वजा करून तुकड्यांशी ताळा बसला पाहिजे. एखादी अख्खी स्लाइड कमी असेल तर तराजूवर लगेच कळतं. साठ हत्यारांचे मिळून पन्नास-साठ किलो तुकडे होतात. किलोला तीस-चाळीस रुपये धरले तरी दीड ते अडीच हजारांचं भंगार, एवढ्यासाठी तुकडे बाहेर देऊ नयेत.

तुकडे त्याच दिवशी, त्याच पंचांसमोर भट्टीत गेले पाहिजेत. तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीची इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, या कामाला चालते. तुकडे आधी सुकवून, तापवून घ्या. ओलावा किंवा दोन्ही तोंडं बुजलेली नळी वितळलेल्या पोलादात पडली की वाफ एकदम फुटून धातू उसळतो. नळी चेंबरपाशी कापण्यामागे हेही एक कारण आहे. थोडे थोडे तुकडे टाका. पंचांना कठड्यामागे उभं करा, पण शेवटचा तुकडा आत जाईपर्यंत हलू देऊ नका. खाडीत टाकणं, खड्ड्यात पुरणं, काँक्रीटमध्ये घालणं यांपैकी काहीही चालणार नाही. तिथे काय पडलं आणि काय नाही हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

परत आल्यावर काम उरतं ते कागदाचं, आणि ते दुसऱ्या दिवसावर टाकू नका. मुद्देमाल रजिस्टरमध्ये प्रत्येक क्रमांकासमोर लाल शाईनं तारीख आणि ‘नष्ट’, नष्ट केल्याच्या पंचनाम्याचा जावक क्रमांक, चित्रीकरणाची प्रत कोर्टाच्या नोंदीला. परवान्याचं शस्त्र असेल तर परवाना शाखेला लेखी कळवून राष्ट्रीय डेटाबेसवरची त्याच्या अनुक्रमांकाची नोंद बंद करून घ्या. ती उघडी राहिली तर त्याच क्रमांकाचा दुसरा माल उद्या कुणाच्या तरी परवान्यावर चढू शकतो. शेवटी रिकाम्या पिशव्या आणि फुटलेली सीलं मोजून फाइलला लावा. पिशव्यांची संख्या यादीशी जुळली की मगच कपाटाला कुलूप घाला.